पांढरी जागा : खाडीकाठचा आमचा कोळीवाडा पाडण्यापासून वाचवायच्या मोहिमेचं पूर्ण प्रकरण

जानेवारीतली सकाळ होती, ओहोटी लागलेली, आणि काका मांडवाखाली होडी उलटी घालून फळ्यांच्या फटींत कापूस ठोकत बसले होते. तेवढ्यात नारंगी जॅकेट घातलेली तीन पोरं तिकाटण्यावरचं मशीन घेऊन आली, इकडेतिकडे बघितलं, घरांच्या भिंतींवर लाल रंगाने नंबर टाकत टाकत खाली आली आणि काकांच्या मांडवाच्या वाशावर 'एस-४१' असं लिहिलं. काका म्हणाले, "बाला, यो कसला नंबर?" पोरगा म्हणाला, स्ट्रक्चर नंबर आहे, सर्व्हे चाललाय. मांडवाच्या पुढे आमचं खळं आहे, जाळी आणि मासळी सुकवायची मोकळी जागा, बांबू रोवलेले, दोऱ्या बांधलेल्या, त्या दिवशी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, पसरलेली होती आणि आत्या कावळे हाकत बसलेली. त्या खळ्याला काहीच नंबर मिळाला नाही. पोरं त्यावरून चालत पलीकडे गेली.

हे मी आधी सांगतेय कारण पुढचं सगळं प्रकरण ह्या एका गोष्टीवर फिरलं, आणि आम्हाला ते कळायला चार महिने लागले.

कळवा, विटावा, बाळकुम, कोलशेत, खाडीपलीकडे ऐरोली, घणसोली, इथून नातेवाइकांचे आणि ओळखीच्यांचे फोन येतात की तुमच्याकडे काय केलंत, आम्हालाही असेच नंबर पडलेत. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतेय. आमच्या पाड्याचं नाव, कचेरीचं नाव, माणसांची नावं टाकत नाही, प्रकरण अजून संपलेलं नाही.

जागा कशी आहे ते आधी

ठाण्याला सगळे तलावांचं शहर म्हणतात, पण ठाणं वाढलं ते खाडीमुळे. मीठबंदर रोड हे नाव काही उगाच पडलेलं नाही, मिठागरं होती, मीठ बंदरातून जायचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला पोचली हे आम्ही शाळेत घोकलंय, पण त्याच रुळांनी चेंदणीचा जुना कोळीवाडा दोन भागांत तोडला हे शाळेत कुणी सांगितलं नाही, ते घरी कळलं. आजही चेंदणी कोळीवाडा म्हटलं की रिक्षावाला विचारतो, ईस्टचा का वेस्टचा. म्हणजे विकासाची रेघ कोळीवाड्यातून जाणं हे आमच्याकडे नवीन नाही, आमच्या पणज्यांनी पण बघितलंय.

आमचा पाडा त्या मानाने लहान, ६३ घरं. त्यातली कौलारू राहिली सात. बाकी सगळी कुणी १९८५ ला, कुणी २००० नंतर बांधलेली, खाली-वर दोन खोल्या, बाहेर टाइल्स, ग्रिल, वर पत्रा. गल्ली एवढी की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने कडेला व्हायचं. मग एकदम गल्ली संपते आणि समोर खळं, त्याच्या पुढे दगडी पायऱ्या आणि खाडी. पायऱ्यांच्या उजव्या हाताला तिवरांची झाडं, डाव्या हाताला नाला. खळ्याच्या एका कोपऱ्यात शेंदूर लावलेला देव, त्याच्याच बाजूला शिमग्याला होळी लागते.

मार्चमध्ये कळलं की खाडीच्या कडेने १८ मीटरचा रस्ता आणि त्याच्या बाजूला फिरायला 'वॉटरफ्रंट' असा प्लॅन आहे. रस्ता खळ्यावरून आणि पुढच्या ओळीतल्या घरांवरून जाणार, मागची घरं पुनर्विकासात घेणार, सगळ्यांना त्याच भागात टॉवरमध्ये फ्लॅट देणार. कागदावर तेव्हा काहीच नव्हतं, सगळं तोंडी, आणि तोंडी असल्यामुळे रोज वेगळं. कधी ३०० फुटांचा फ्लॅट, कधी ४००.

हेरिटेजचा रस्ता का बंद झाला

आमची पहिली धाव हेरिटेजकडे. मीच पुढाकार घेतला होता त्यात, म्हणून चूक पण माझीच जास्त. मला वाटलं दीड-दोनशे वर्षांचा पाडा आहे, जुने फोटो जमवू, कौलारू घरांचे फोटो काढू, अर्ज करू की हे वारसा क्षेत्र म्हणून जाहीर करा. मुंबईत १९९५ पासून हेरिटेजचे नियम आहेत, गिरगावच्या खोताची वाडीचं नाव सगळ्यांना माहितीये, मग आमचं का नाही. दोन महिने ह्यात गेले. लोकांच्या ट्रंकांतून फोटो काढले, नऊवारीतल्या आज्या, वल्ह्याच्या होड्या, १९७० च्या आसपासची एक नारळी पौर्णिमेची मिरवणूक, खूप सुंदर ऐवज जमला.

ते सगळं घेऊन आम्ही सहाजण एका अधिकाऱ्यांना भेटायला गेलो. माणूस वाईट नव्हता, शांतपणे सगळे फोटो बघितले, मग मोबाईलवर आजचा सॅटेलाइट फोटो उघडला आणि म्हणाला, मॅडम, ह्यात आता हेरिटेज काय उरलंय, सांगा. सात घरं. त्यातली दोन पडायला आलेली. मला काही बोलता आलं नाही. रिक्षात बसून आत्या एवढंच म्हणाली की आपण माणसांचे फोटो नेले आणि त्याने घरं मोजली.

दुसरी अडचण आमच्याच गावातून आली आणि ती खरी होती. म्हाताऱ्या माणसांनी विचारलं की हेरिटेज लागलं तर मला पत्रा बदलायला कुणाला विचारावं लागेल? पोराच्या लग्नाला एक खोली काढायची तर? ज्याच्या घरात पावसात चार ठिकाणी बादल्या ठेवायला लागतात त्याला "तुमचं घर जपून ठेवू" हे ऐकून आनंद कसा होईल. जे जपायचंय ते घरांच्या भिंतींत नव्हतंच, पण तेव्हा आमच्याकडे ते सांगायला शब्द नव्हते.

ठाण्याचा किल्ला बघा, पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. भिंती आहेत, पण शहराचा त्या जागेशी संबंध उरलेला नाही. आमच्या पायऱ्या आणि देव तसेच ठेवून बाजूने फिरायचा ट्रॅक काढला असता तरी तेच झालं असतं. ह्या प्लॅनच्या चित्रात खरंच एक होडी दाखवलेली होती, रंगवलेली, सेल्फी पॉइंट म्हणून. काकांनी ते चित्र बराच वेळ बघितलं आणि परत दिलं.

विरोधात नसलेली माणसं

हे लिहिणं अवघड आहे पण गाळलं तर प्रकरण खोटं होईल. सगळा पाडा विरोधात नव्हता. सुरुवातीला तर निम्मे लोक फ्लॅट हवा म्हणत होते. माझ्या वैनीलाच हवा होता, तिच्या सासूचे म्हणजे माझ्या काकीचे गुडघे गेलेत, वरच्या खोलीत जायला लोखंडी शिडी, संडास बाहेर, रात्री पावसात छत्री घेऊन जायचं. वैनी म्हणाली, ताई तू ऑफिसला जातेस, एसीत बसतेस, तुला खळं हवंय, मला लिफ्ट हवी. मला राग आला होता, आज वाटतं तिचं शंभर टक्के बरोबर होतं.

आमच्यातल्या काही पोरांनी अशा घरांना 'बिल्डरची माणसं' म्हणायला सुरुवात केली, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावं घेऊन लिहिलं, आणि तिथे गावकी फुटली. एका घरातली हळद होती तर दुसऱ्या घरचे गेले नाहीत. कोळीवाड्यात हळदीला न जाणं म्हणजे काय ते ज्याला माहितीये त्याला माहितीये. हे जुळवायला शिमगा यावा लागला. होळी त्याच खळ्यावर लागते, सगळ्यांना यावंच लागतं, आणि दुसऱ्या दिवशी पंचांनी तिथेच बैठक घेतली, ग्रुपवर लिहिणाऱ्या पोरांना सगळ्यांसमोर माफी मागायला लावली.

त्याच सुमारास माझ्या ओळखीतली एक आर्किटेक्चरची विद्यार्थिनी कामाला जोडली गेली आणि तिने सिडनीच्या द रॉक्स ह्या बंदरालगतच्या वस्तीची गोष्ट सांगितली. १९७० मध्ये तिथे खास प्राधिकरण नेमलं गेलं, जुनी वस्ती पाडून उंच टॉवर उभारायचे म्हणून. १९७१ मध्ये रहिवाशांनी कृती गट केला आणि थेट बांधकाम मजुरांच्या युनियनकडे गेले. जॅक मंडी त्या युनियनचे सेक्रेटरी. युनियनने ठरवलं की आमचा मजूर इथे पाडकाम करणार नाही, त्याला ते ग्रीन बॅन म्हणायचे. १९७३ मध्ये बाहेरचे मजूर आणून काम सुरू करायला बघितलं तेव्हा झटापट झाली, अटका झाल्या, पण १९७५ पर्यंत बंदी टिकली आणि जुन्या वस्तीचा मोठा भाग वाचला.

पंचांना त्यातली एक गोष्ट फार पटली, ती मजुरांच्या संपाची नव्हती, ती वेगळीच होती. युनियनची अट असायची की रहिवाशांनी आधी जाहीर सभा घ्यायची, बहुमताने मागणी करायची, तरच आम्ही बंदी घालू. दोन-चार पुढाऱ्यांच्या सांगण्यावर नाही. म्हणून आम्ही पण ठरवलं की गावकीचा ठराव झाल्याशिवाय एक कागद बाहेर जाणार नाही. भाडोत्र्यांना पण बसवायचं, बायकांना मागे नाही, पुढे बसवायचं. ठराव व्हायला तीन बैठका लागल्या. शेवटी जो झाला त्यात "आम्हाला काहीच नको" असं नव्हतं. त्यात होतं की खळं, पायऱ्या, होड्यांची जागा आणि पाण्यापर्यंतची वाट हलणार नाही, आणि घरं दुरुस्त करायची, वाढवायची, घरात संडास काढायची परवानगी आमच्या जागेवरच मिळाली पाहिजे. वैनीने त्यावर सही केली. तिसरी सही तिची आहे.

द रॉक्सचा दुसरा भाग त्या मुलीने मला नंतर सांगितला. २०१४ मध्ये तिथल्या सरकारने बाजूच्या मिलर्स पॉइंटमधली आणि द रॉक्समधल्या सिरियस इमारतीतली सरकारी भाड्याची घरं विकायला काढली आणि वर्षानुवर्षं राहणाऱ्या लोकांना दुसरीकडे जावं लागलं. दगडी घरं जागेवर, माणसं बाहेर. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातून हेरिटेजचं भूत पूर्ण उतरलं.

नकाशातली पांढरी जागा

मार्चच्या शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला होता, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागणी साधी, आमच्या भागाच्या सध्याच्या जमीन वापर नकाशाची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, प्रथम अपील टाकलं, मग मिळाली. १९६६ च्या एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना कायद्यात हे स्पष्ट आहे, शहराचा विकास आराखडा करायच्या आधी आज जमीन कशाला वापरली जाते त्याचा सर्व्हे आणि नकाशा करायचा, कलम २५. आराखडा उभा राहतो तो ह्या नकाशावर. पण लोक भांडतात ते थेट आराखड्याशी, खालचा नकाशा कुणी बघत नाही, आम्हीही बघितला नसता.

ती शीट आम्ही समाजमंदिरात जमिनीवर पसरली. घरं पिवळी, नाला निळा, तिवरं हिरवी. आणि खळ्याच्या जागी पांढरं. होड्यांच्या जागी पांढरं. पायऱ्या नाहीतच. देव नाही. म्हणजे कागदावर तिथे काही नव्हतंच, मोकळी पडीक जागा, मग रस्ता आखणाऱ्याने तिथून रेघ ओढली तर त्याला तरी किती दोष द्यायचा. त्याने कमीत कमी घरं तुटावीत म्हणून मोकळ्या जागेतून रस्ता नेला असणार. फक्त ती जागा मोकळी नव्हती.

तिथून मोहीम बदलली. पाडू नका, पाडू नका हे ओरडणं थांबवलं आणि ते पांढरं भरायला घेतलं.

एप्रिल-मे हे महिने वाळवणाचे, उन्हाचे, त्यामुळे खळं पूर्ण भरलेलं असतं, नशीब म्हणायचं. १:४००० च्या नकाशाची मोठी प्रिंट काढली, त्या विद्यार्थिनीने आणि तिच्या दोन मित्रांनी टेपने एकेक बांबू मोजला. पण खरा नकाशा काढला तो काकांनी आणि आत्याने. काका पाण्याचं सांगायचे, उधाणाला पाणी कुठल्या पायरीपर्यंत येतं, भांगाला, म्हणजे लहान भरतीला, कुठे थांबतं, २६ जुलै २००५ ला कुठल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. एका घराच्या भिंतीवर त्या दिवसाची रेघ अजून आहे, रंग दिला तरी मालक तेवढी पट्टी सोडतो. ती रेघ नकाशावर घेतली. रस्त्याचा भराव टाकला तर नाल्याचं पाणी कुठे अडेल हे इंजिनिअरच्या भाषेत आम्हाला सांगता येत नव्हतं, पण काकांनी काठीने चिखलात ओढून दाखवलं आणि त्या पोरांनी ते कागदावर उतरवलं.

आत्याचं काम वेगळं होतं. ती वेळ सांगायची. मला स्वतःला, तिथेच वाढलेल्या मला, माहिती नव्हतं की खळ्याची वाटणी तासांवर आहे. पहाटे होड्या लागल्या की पायऱ्यांजवळचा भाग बायकांचा, तिथे कोळंबी, चिंबोऱ्या, बोईट वेगवेगळं करायचं, बाजारात जाणारं एकीकडे, घरचं एकीकडे. साडेसात-आठला तो भाग धुऊन मोकळा. मग उन्हं वर आली की मधल्या भागात करंदी पसरायची, प्रत्येक घराचा पट्टा ठरलेला, कुठे लिहिलेला नाही पण आजीकडून सुनेकडे आलेला. दुपारी तीननंतर करंदी गोळा केली की तीच जागा जाळ्यांची, फाटलेली जाळी बांबूंवर ताणून विणायची. संध्याकाळी पोरांचं क्रिकेट. रात्री कुणाचं लग्न असेल तर मांडव. एकाच जागेवर दिवसात पाच कामं, आणि सर्व्हेवाले आले होते सकाळी अकराला, मधल्या वेळेत.

आम्ही पाच वेळांचे पाच नकाशे काढले. एकावर एक ठेवले की पांढरं शिल्लकच राहत नव्हतं.

कायद्याचा आधार पण तिथेच सापडला. सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, २०११ ची आणि नंतर २०१९ ची अधिसूचना, दोन्हींत किनाऱ्याचा व्यवस्थापन आराखडा करताना मच्छीमार गावं, त्यांच्या सामायिक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवायच्या जागा हे सगळं गावपातळीच्या नकाशावर दाखवायला सांगितलेलं आहे. म्हणजे खळं ही आमची भावना नाही, ती कायद्यात नाव असलेली गोष्ट आहे. तिवरांचं तर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलंय, तिवरं तोडायची नाहीत आणि त्यांच्या ५० मीटरच्या आत बांधकाम नाही. आमच्या पायऱ्यांपासून तिवरं किती लांब ते टेपने मोजून लिहिलं.

आकड्यांवरून एक भांडण झालं ते सांगायला हवं. रोज खाडीत जाणारी घरं किती? खरी होती १४. अजून नऊ घरं हंगामात जातात. बायका धरून मासळीवर पोट असलेली माणसं थोडी जास्त. काही जण म्हणाले ६३ च्या ६३ लिहा, कोण मोजायला येतंय. काकांनी नाही म्हटलं. खाडीत मासा कमी झालाय, कारखान्यांचं आणि गटाराचं पाणी येतं, जाळ्यात प्लास्टिक जास्त येतं, पोरं नोकरीला लागली, हे सगळ्यांना दिसतंय, मग आपण खोटं का लिहायचं. शेवटी १४ अधिक नऊ असंच लिहिलं, प्रत्येकाच्या होडीच्या फोटोसकट. ज्यांच्या घरात मासेमारी नाही त्यांनी खळं कशाला लागतं ते वेगळं लिहिलं, लग्न, होळी, बारसं, मयत.

खाडीपलीकडच्या आमच्या पाहुण्यांनी एक सल्ला दिला होता तो इथे लागू पडला. नवी मुंबईसाठी १९७० पासून जमिनी गेल्या, १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, दि. बा. पाटलांच्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची योजना आली. तिकडचे एक मामा म्हणाले, रस्त्यावर उतरायची आम्हाला भीती कधीच नव्हती, पण ज्याच्या नावाचा कागद नव्हता त्याला लढा जिंकूनही फेऱ्या मारायला लागल्या. म्हणून मे-जूनमध्ये आम्ही सिटी सर्व्हेच्या फेऱ्या सुरू केल्या. ६३ पैकी मिळकत पत्रिकेवर जिवंत माणसाचं नाव असलेली घरं १९ निघाली. बाकी सगळे आजोबा-पणजोबा. वारस नोंदी लावायला घेतल्या, ते काम अजून चालूच आहे.

तीस दिवस आणि सुनावणी

ऑगस्टमध्ये प्रारूप आराखडा जाहीर झाला. हरकती द्यायला तीस दिवस, त्यातले अकरा गणपतीत. रस्ता होता तिथेच होता.

इथे आम्ही एक गोष्ट बरोबर केली. छापील एकसारखे फॉर्म वाटले नाहीत. तशा पाचशे हरकती एका ओळीत निकालात निघतात, "सदर हरकतदारांचे म्हणणे एकच आहे" म्हणून. प्रत्येक घराने आपली हरकत आपल्या शब्दांत लिहिली, ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी कॉलेजच्या पोरी बसल्या, तो बोलेल तसं उतरवलं. वर मुद्दा एकच ठेवला, की सध्याच्या जमीन वापर नकाशात चूक आहे, आणि त्याला पाच नकाशे जोडले. ११७ हरकती गेल्या, प्रत्येकाची पोच शिक्का मारून घेतली, इनवर्ड नंबर एका वहीत. कुणाला करायचं असेल तर ती वही कराच. सुनावणीला तीन हरकती "सापडत नाहीत" असं झालं तेव्हा वहीने वाचवलं.

सुनावणी डिसेंबरमध्ये, कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढे. आम्हाला सांगितलं होतं दहा मिनिटं. आम्ही बोलणारे तिघेच ठरवले होते, काका, आत्या आणि कागद दाखवायला मी. मी सुरुवात केली आणि घाबरून कलमंच वाचत बसले, समितीतल्या एकाचं लक्ष उडालेलं दिसत होतं. मग आत्याने माझ्या हातातला पहाटेचा नकाशा घेतला, टेबलावर ठेवला आणि बोट ठेवून सांगायला लागली, ही माझी जागा, ही हिची, ही त्या घरची, इथे आम्ही निवडतो, आठला धुतो. मग दुसरा नकाशा. मग तिसरा. शेवटी म्हणाली, "साहेब, तुमचे रस्त्यानं आमी चालू, पन जाली वालत घालाची कंय?" तिने आवाज चढवला नाही, खरंच विचारलं, आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

समितीतल्या एका सदस्याने विचारलं, मासेमारी करणारी घरं किती राहिलीत. काका म्हणाले, रोजची १४, हंगामी नऊ. तो सदस्य मान हलवून म्हणाला की आमच्याकडेही साधारण तेवढीच माहिती आहे. त्या क्षणी मला काकांचे पाय धरावेसे वाटले. ६३ लिहिले असते तर आमचे पाचही नकाशे तिथेच खोटे ठरले असते.

दहाऐवजी चाळीस मिनिटं ऐकून घेतलं. जानेवारीत समितीचे दोन सदस्य जागेवर आले, सकाळी साडेसहाला, आम्ही विनंती केली होती तशी. पायऱ्यांवर उभं राहायला जागा नव्हती त्यांना, होड्या लागत होत्या.

आज काय आहे

समितीच्या शिफारशीत रस्ता खळ्यावरून काढून मागे, नाल्यापलीकडच्या आधीच्या रस्त्याला जोडायला सांगितलंय. खळं, पायऱ्या आणि होड्यांची जागा "मासेमारीसाठी सामायिक वापर" म्हणून दाखवायला सांगितलंय. ही शिफारस आहे, मंजुरी नाही, कलम ३१ खाली शासनाची मंजुरी यायची बाकी आहे आणि तोवर काहीही बदलू शकतं. घरं जागेवर वाढवायच्या परवानगीबद्दल शिफारशीत एक ओळ पण नाही, म्हणजे वैनीला ज्यासाठी आम्ही सही करायला लावली ते अजून मिळालेलं नाही. ती मला दर आठवड्याला विचारते आणि तिने विचारायलाच पाहिजे.

आणि नऊ घरं. रस्ता मागे सरकला तो नाल्याच्या काठच्या नऊ घरांवर गेला. आधीच्या आखणीत ती घरं सुटत होती. आम्ही आमचं पांढरं भरलं पण नाल्याच्या त्या बाजूचा नकाशा काढलाच नव्हता, तिथे मासळीवाले कमी, भाडोत्री जास्त, म्हणून आमच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी ठरावावर आमच्यासोबत सह्या केलेल्या आहेत. त्यातलं एक कुटुंब दिव्याला भाड्याने राहायला गेलं पण, उद्या पाडतील म्हणून धास्तीने.

आता त्या नऊ घरांची हरकत वेगळी तयार होतेय, त्यांचे नकाशे पोरांनी मागच्या रविवारी मोजायला घेतले. नाल्याला भरतीचं पाणी किती वर चढतं ते बघायला काका स्वतः जातात, उधाणाच्या दिवशी काठी रोवून येतात. त्यांच्या मांडवाच्या वाशाला ह्या वर्षी डांबर लागलं, 'एस-४१' वरून ब्रश फिरवला नाही, बाजूबाजूने मारलं. मी विचारलं तर म्हणाले, राहू दे, निकाल लागेपर्यंत. सोमवारी मला सिटी सर्व्हेला जायचंय, नऊपैकी चार घरांच्या वारस नोंदीला आजोबांचा मृत्यूचा दाखला लागतोय आणि त्यातला एक १९५८ चा आहे, तो जुन्या रजिस्टरात शोधायचाय.